सिंगापूरला जाताना घेतलेले कॉम्प्रेशनचे मोजे, सहाव्या महिन्यातला अनुभव

गरोदरपणाचा सहावा महिना चालू असताना सिंगापूरला ताईकडे बारा दिवस जाऊन आले. तिकडे काय काय बघितलं ते पुन्हा कधीतरी, आज फक्त पायातल्या मोज्यांबद्दल लिहितेय, कारण जायच्या आधी जो भेटेल तो एक तर जाऊच नको म्हणायचा नाहीतर काही होत नाही गं म्हणायचा, नक्की करायचं काय ते कोणी सांगत नव्हतं.

मोजे म्हणजे गुडघ्याच्या खालपर्यंत येणारे घट्ट कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज. आपल्या बडोद्यात सर्जिकलच्या दुकानात वेरिकोजचे (पायाच्या फुगलेल्या शिरांसाठीचे) मोजे म्हणून मागितले की लगेच काढून देतात. माझ्या डॉक्टरबाईंनी चोविसाव्या आठवड्यात प्रवासाला हो म्हटलं पण दोन गोष्टी लिहूनच दिल्या, आइल सीट, म्हणजे मधल्या वाटेकडेची जागा, आणि हे मोजे, १५ ते २० एमएमएचजीचे (हे दाबाचं माप). त्यांनी कारणही नीट समजावलं. पोटुशी असताना अंगातलं रक्त वाढतं, ते गोठायची प्रवृत्तीपण वाढते, आणि वाढलेल्या पोटाचा दाब पायाकडून वर येणाऱ्या शिरांवर पडतो. त्यात चार तासांपेक्षा जास्त वेळ एका जागी बसलं की पोटऱ्यांत रक्त साचतं आणि गुठळी व्हायची भीती असते. हे मोजे घोट्यापाशी सगळ्यात घट्ट आणि वर जाताना सैल होत जातात म्हणून रक्त वर ढकलायला मदत होते.

आता माझी चूक आधी सांगते म्हणजे तुमचे पैसे वाचतील. पहिला जोड मी ऑनलाइन मागवला, तिथे साइज चपलेच्या नंबरावरून होता, मला वाटलं ठीक आहे, आणि घरी एक संध्याकाळ घालून बसले तर गुडघ्याखाली लाल वळ उठला आणि वरचा काठ गुंडाळत खाली येऊन दोरी बांधल्यासारखा काचायला लागला. हे नुसतं त्रासाचं नाही, असा गुंडाळलेला काठ रक्त अडवतो, म्हणजे ज्यासाठी घातले त्याच्या बरोब्बर उलट. परत घ्यायला त्यांनी नकार दिला कारण पॅकेट उघडलेलं होतं.

मग दांडिया बाजारातल्या एका सर्जिकलच्या दुकानात सासूबाईंबरोबर गेले, संध्याकाळी साडेसहाला. दुकानातल्या काकांनी माझे पाय बघितले आणि म्हणाले, बेन, अत्यारे नहीं, सवारे ऊठीने तरत आवो, म्हणजे आत्ता नको, सकाळी उठल्याउठल्या या. विकायचं म्हणून कोणीही संध्याकाळीच माप घेऊन मोकळं झालं असतं, या माणसाने गिऱ्हाईक परत पाठवलं! दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान उघडल्याउघडल्या आम्ही हजर, सूज चढायच्या आत. त्यांनी टेपने घोट्याच्या वर सगळ्यात बारीक जागी आणि पोटरीच्या सगळ्यात जाड जागी माप घेतलं, टाचेपासून गुडघ्याखालपर्यंत लांबी घेतली, दोन्ही पायांची वेगवेगळी, आणि मग खोक्यावरचा तक्ता दाखवून साइज दिली. बोटं उघडी राहणारा जोड घ्या म्हणाले, कारण बोटं सुजली तर आत कोंबली जात नाहीत आणि रंग बदललाय का ते दिसतं. मी तोच घेतला. ऑनलाइनपेक्षा महाग पडला पण मला त्याचं काहीच वाईट वाटलं नाही.

घालायचं मात्र मोठं काम आहे. पोट मधे येतं, वाकता येत नाही, मोजा घट्ट, आणि ओढून ओढून दम लागतो. मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, आधी पाऊल आणि टाच नीट बसवायची, मग थोडा थोडा वर सरकवायचा. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले तर पकड मिळते आणि नखाने धागा निघत नाही, ही काकांचीच युक्ती. पायाला पावडर लावायची ती सासूबाईंची. पहिले चार दिवस नवऱ्यानेच घालून दिले.

फ्लाइट अहमदाबादहून रात्रीची. पण बसणं विमानात सुरू होत नाही, घरूनच सुरू होतं. एक्सप्रेसवेने अहमदाबाद, मग तीन तास आधी पोचून एअरपोर्टवर, मग साडेपाच-सहा तास विमानात, सगळं मिळून दहा-बारा तास पाय खालीच. म्हणून मी घरातूनच घालून निघाले आणि हे डोक्यात आलं त्याचं मला खरंच बरं वाटतं. विमानात दर तासाला उठून चालले, बसल्या जागी पावलं वर-खाली करत राहिले, पट्टा पोटाच्या खाली मांड्यांवरून बांधला. पाणी भरपूर प्यायले कारण आतली हवा फार कोरडी असते, आणि त्यामुळे टॉयलेटला जावं लागलं म्हणजे चालणं आपोआपच झालं. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरल्यावर चप्पल पायात गेली, इतकं पुरे. येताना मुद्दाम तुलना म्हणून नव्हे पण आदल्या दिवशी धुतलेले मोजे वाळलेच नाहीत म्हणून एअरपोर्टपर्यंत तशीच गेले, तर तेवढ्यातच घोटे टम्म. मग तिथेच बाकावर बसून जरा ओलसरच घातले.

सिंगापूरच्या उकाड्यात दिवसभर घालणं मला जमलं नाही. हवा इतकी दमट की पोटरीला खाज सुटायची. मग जास्त फिरायचं असेल तेव्हा आणि मेट्रोत उभं राहायचं असेल त्या दिवशीच घातले, रात्री काढून पाय उशीवर. मेट्रोवरून आठवलं, तिथे गाडीत खाणं आणि पाणी पिणंसुद्धा चालत नाही, दंड ५०० सिंगापूर डॉलरपर्यंत आहे. माझ्यासारखं ज्यांना अजूनही अधूनमधून मळमळतं त्यांनी दोन बिस्किटं आणि पाणी स्टेशनात शिरायच्या आधीच उरकावं. ड्युरियन फळ मात्र गाडीत न्यायला बंदी आहे त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे, बाजारात त्या वासाने मला रस्ता बदलावा लागला होता.

धुणं हाताने, साध्या साबणाने, सावलीत वाळत घालायचे, पिळायचे नाहीत. शक्य असेल तर दोन जोड घ्या, मी एकच घेतला आणि वर लिहिलं तसं अडले.

आणि मोजे आहेत म्हणून सगळं झाकून जात नाही. एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणं, लाली, किंवा दम लागणं, छातीत दुखणं, असं काही वाटलं तर प्रवासात असा की घरी, लगेच डॉक्टर. चेहरा आणि हात अचानक सुजले, डोकं फार दुखलं, डोळ्यापुढे चमकलं तरी तसंच. आणि मोजे आपल्या मनाने घेऊ नका, ज्यांना पायाकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांचा काही त्रास आहे त्यांना ते चालत नाहीत असं डॉक्टरबाई म्हणाल्या. विमानकंपनीचा नियम पण आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र मागतात, मी चोविसाव्यातही बरोबर ठेवलं होतं आणि चेक-इनला विचारलंच, किती महिने झाले म्हणून.

माझ्याकडून या मोज्यांना पाचपैकी साडेचार. अर्धा उकाड्यासाठी कापला. आता आठवा लागलाय, स्वयंपाकघरात उभं राहायचं असलं की सकाळीच चढवते, आणि परवा काकांकडे जाऊन दुसरा जोड घेऊन आले. माप परत घेतलं त्यांनी, पोटरी एका साइजने वाढलीय.