आयझेडएच-४६एम: हवेची टाकी नसलेले एअर पिस्तूल, नेरूळच्या रेंजवर तपासलेले

दहा मीटर एअर पिस्तूल या प्रकारासाठी पहिले पिस्तूल कोणते घ्यावे, हा प्रश्न नवी मुंबईत आता वरचेवर विचारला जातो. पनवेलमध्ये ऑलिंपिक नेमबाज सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे, ठिकठिकाणच्या शाळांत लहान रेंज निघाल्या आहेत, त्यामुळे या भागातील पालकांना नेमबाजी परकी राहिलेली नाही. मात्र मोरिनी, स्टायर, वॉल्थर, पार्दिनी ही परदेशी कंपन्यांची नावे आणि त्यांच्या पिस्तुलांच्या किमती ऐकल्यावर अनेकांचा उत्साह मावळतो. अशा वेळी रशियातील इझेव्हस्क येथे बनलेले आणि पुढे एमपी-४६एम या नावाने विकले गेलेले आयझेडएच-४६एम वापरलेल्या स्थितीत मिळाले तर घ्यावे का, एवढ्याच प्रश्नापुरते हे परीक्षण आहे. क्लबातील एका ज्येष्ठ सभासदाने वापरलेले असे एक पिस्तूल नेरूळच्या रेंजवर मला सविस्तर तपासता आले.

आजची बहुतेक स्पर्धात्मक पिस्तुले २०० बार दाबापर्यंत भरलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालतात. ते सिलिंडर भरण्यासाठी पाणबुड्यांची (स्कूबा) मोठी टाकी किंवा हातपंप लागतो आणि त्याची मुदत दहा वर्षांची असते. ४६एममध्ये यातले काहीच नाही. नळीखालचा लांब दांडा पुढे ओढून परत मिटवला की एका गोळीपुरती हवा दाबली जाते आणि चाप ओढताच ती सगळी बाहेर पडते. प्रत्येक वेळी दांड्याची हालचाल तेवढीच असल्यामुळे हवाही तेवढीच भरते, हे या रचनेचे खरे बलस्थान आहे. क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजणाऱ्या यंत्रावर, सपाट तोंडाच्या, सुमारे अर्ध्या ग्रॅमच्या पेलेटचा (छर्ऱ्याचा) वेग सेकंदाला १३५ मीटरच्या आसपास राहिला आणि एका गोळीपासून दुसऱ्या गोळीपर्यंतचा फरक दुर्लक्ष करण्याजोगा होता. या वेगाने ऊर्जा साडेचार ज्यूलच्या जवळपास भरते. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे परवान्यासाठीची मर्यादा २० ज्यूल आणि ४.५ मिलिमीटर व्यास अशी असल्याने हे पिस्तूल ऊर्जेत तिच्या कितीतरी खाली आणि व्यासात तिच्यात बसणारे आहे.

वाळूच्या पिशवीवर मनगट टेकवून पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप घेतले, तेव्हा चांगल्या प्रतीच्या पेलेटची छिद्रे एकमेकांत मिसळून एकच फाटके भोक पडले. टार्गेटवरचे दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे असते आणि ते भोक त्यात आरामात मावले. स्वस्त पेलेटच्या डबीत मात्र काठ चेपलेले दाणे निघाले आणि ग्रुप लगेच आठच्या वर्तुळापर्यंत पसरला. तेव्हा नेम बिघडल्याची तक्रार करण्यापूर्वी डबीतले पेलेट हातात घेऊन पाहणे बरे. रिअर साइटच्या (नेम धरायच्या मागच्या खाचेच्या) स्क्रूचे टप्पे बोटांना स्पष्ट कळतात आणि सरावाअंती ते जागचे हललेले आढळले नाहीत.

चापाबद्दल थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण निवड याच बाबीवर ठरते. स्पर्धेच्या नियमानुसार एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅमचा असावा लागतो, म्हणजे त्याहून कमी भाराने तो सुटता कामा नये. स्पर्धेत तपासणीला जे वजन लावतात तसलेच पाचशे ग्रॅमचे वजन आम्ही वापरले: पिस्तूल सज्ज करून नळी उभी धरायची, वजनाचा आकडा चापात अडकवायचा आणि ते टेबलावरून सावकाश उचलायचे. पहिल्या खेपेला वजन टेबलावर असतानाच चाप सुटला, म्हणजे आधीच्या मालकाने तो हलका करून ठेवला होता. स्क्रू फिरवून तो पाचशेच्या किंचित वर आणल्यावरही चापाच्या ओढीचा पहिला टप्पा संपून दुसरा कुठे सुरू होतो, ते बोटाला नीट जाणवत होते. या किमतीत एवढा स्वच्छ चाप मिळणे कठीण आहे. यात वीज, बॅटरी किंवा सर्किट नाही, हेही मी जमेच्या बाजूला धरतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली मनू भाकर यांचे पिस्तूल प्राथमिक फेरीतच बिघडले, दुरुस्तीत बहुमोल मिनिटे गेली आणि ५७५ गुण मिळवूनही अंतिम फेरी हुकली, हे आठवले की साध्या यंत्राची किंमत कळते.

सुरक्षिततेच्या बाजूने पाहता, या पिस्तुलाला सेफ्टी कॅच, म्हणजे चाप अडवून ठेवणारी कळ, नाही, आणि नवख्या पालकांना याचीच सर्वाधिक धास्ती वाटते. परंतु स्पर्धेच्या पिस्तुलात सुरक्षितता कळीवर नव्हे, तर शिस्तीवर अवलंबून असते: नळी सदैव टार्गेटकडे, बोट चापाबाहेर, आणि नेमबाज फायरिंग पॉइंटवरून हलला की नळीच्या पूर्ण लांबीतून जाणारा भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग आत. यंत्राचा भरवसा मात्र स्वतंत्रपणे तपासावा लागतो. मागचा ब्रीच (पेलेट घालायच्या जागेचे झाकण) उचलला की हवा न भरताही चाप सज्ज होतो. याच सोयीमुळे घरी ड्राय फायरिंग, म्हणजे गोळीविना सराव, करता येते आणि हीच सोय तपासणीलाही उपयोगी पडते. हवा नाही, पेलेट नाही, नळी बुलेट-ट्रॅपकडे, अशा स्थितीत मुठीच्या बुडाला तळहाताने ठोसे देऊन पाहिले. चाप हलका असताना तिसऱ्या-चौथ्या ठोशाला आतून ‘टक’ असा आवाज आला, म्हणजे सीअर (चाप ओढेपर्यंत यंत्रणा अडवून धरणारा खटका) आपोआप निसटला होता. चाप नियमात आणल्यावर कितीही ठोकले तरी तो जागचा हलला नाही. वापरलेले पिस्तूल मुलाच्या हाती देण्यापूर्वी ही चाचणी प्रशिक्षकासमोर करून घ्यावी, असा माझा आग्रह राहील.

आता उणिवा. वजन सुमारे १.३ किलो, म्हणजे स्पर्धेच्या १५०० ग्रॅमच्या मर्यादेत असले तरी बारा-तेरा वर्षांच्या मुलाला जड, आणि तेही तोंडाकडे झुकणारे. दर गोळीला दांडा ओढायचा म्हटल्यावर साठ गोळ्यांच्या मालिकेत साठ वेळा खांद्याला झटका बसतो आणि श्वास पुन्हा जागेवर यायला वेळ लागतो. स्पर्धेत एक तास पंधरा मिनिटे असल्याने वेळ पुरतो, पण शेवटच्या वीस गोळ्यांत हाताचा थकवा गुणांत दिसू लागतो. राज्य स्तरावर उतरायचे असेल तर पुढे-मागे सिलिंडरचे पिस्तूल घ्यावेच लागेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. लाकडी मूठही बहुतेकांना मोठी पडते. कानस आणि लाकडावर लावायची पुट्टी यांच्या साहाय्याने ती हाताच्या मापाची करून घ्यावी. आपल्याकडच्या पावसाळ्यात नळीला तेलाचा पुसट हात आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवणे भाग आहे. सराव झाल्यावर पेलेटचे शिसे लागलेले हात साबणाने धुतल्याशिवाय वडापावला हात लावू नये, हे मोठ्यांनाही सांगावे लागते.

खरेदी करताना विक्रेत्याच्या शब्दापेक्षा हवा धरून ठेवणाऱ्या सीलवर लक्ष ठेवावे. रेंजवर क्रोनोग्राफ लावून आधी हवा भरताच एक गोळी लगेच झाडावी, मग हवा भरून पिस्तूल टार्गेटकडे रोखून काही मिनिटे तसेच ठेवावे आणि त्यानंतर दुसरी गोळी झाडावी. दुसऱ्या गोळीचा वेग ठळकपणे उतरला तर पिस्टनचे सील गेलेले आहे. नव्या सीलचा खर्च आणि ते मिळेपर्यंतची वाट किमतीतून वजा करून मगच व्यवहार ठरवावा, आणि विक्रेता ही चाचणीच करू देत नसेल तर पिस्तूल परत पेटीत ठेवावे.