बटन गुलाबाला कुंडी: मातीची की प्लास्टिकची?

बटन गुलाबाचं रोप जेमतेम गुडघ्याएवढं होतं, 8-10 इंची कुंडी त्याला पुरते. मुळांना पाणी लागतं, पण साचलेलं अजिबात चालत नाही. खरा फरक पडतो तो इथेच.

मातीची कुंडी पाझरते. बाहेरून ओलसर राहते, बाष्पीभवनाने आतली मुळं थंड राहतात. जून ते सप्टेंबर पावसाच्या माऱ्यात हीच कुंडी रोप वाचवते. एप्रिल-मेमध्ये मात्र सकाळी घातलेलं पाणी संध्याकाळपर्यंत गायब! दोन वेळा झारी घेऊन उभं राहायची तयारी हवी. आणि कडेला पांढरे क्षार चढतात, ते कुणाला आवडतात, कुणाला नाही. (मला आवडतात, कुंडी जुनी दिसते.)

प्लास्टिकची हलकी, स्वस्त, ग्रिलवर टांगता येते. पाणी टिकतं, म्हणूनच पावसाळ्यात घात होतो. माझं एक रोप असंच गेलं: वरची माती कोरडी, म्हणून रोज पाणी घालत राहिले. उपटून पाहिलं तर मुळं काळी आणि कुजकट वासाची. तळाला एकच भोक होतं, तेही मुळांनी बुजलेलं. तापवलेल्या खिळ्याने आणखी चार-पाच पाडून घ्या. भर उन्हात काळी कुंडी हाताला चटका देते, मग मुळांचं काय होत असेल!

गच्चीवर मातीचीच. सहा तास ऊन मिळणाऱ्या, पण पावसापासून आडोसा असलेल्या खिडकीत प्लास्टिकची चालेल, पांढरी असेल तर बरं.