जुन्या सायकलीवर लाइन ओढायला काय घ्यावं: ब्रश की चाकवालं टूल

रिस्टोअर केलेल्या सायकलीवर पिनस्ट्रायपिंग, म्हणजे रंगाच्या बारीक शोभेच्या लाइन, करायचं असेल तर आधी ब्रश घ्या, चाकवालं टूल नंतर बघू. दोन्ही वापरलीयत म्हणून लिहितोय, कारण व्हिडिओ बघून लोक थेट टूलच मागवतात. ते वाईट आहे असं अजिबात नाही, पण ते कारच्या लांबलचक पत्र्यावर जसं चालतं तसं एक इंचाच्या गोल पाइपवर चालत नाही.

ब्रश म्हणजे स्वोर्ड स्ट्रायपर, माझा मॅक कंपनीचा आहे, खारीच्या केसांचा. मूठ अगदी आखूड, केस जवळपास दोन इंच आणि टोकाकडे तिरके निमुळते. हातात घेतल्यावर वाटतं एवढ्या लुळ्या केसांनी सरळ रेघ येणार कशी, पण सगळी गंमत त्या लांबीतच आहे. पोटात रंग भरपूर राहतो त्यामुळे दांड्यावरची लाइन मधे न थांबता एका दमात ओढता येते, आणि केस पाइपवर आडवे पडून हाताच्या मागून येत राहतात म्हणून बारीक थरथर लाइनमधे उतरत नाही. जाडी फक्त दाबावर. करंगळी पाइपला टेकवायची आणि अख्खा हात मागे न्यायचा, बोटं हलवली की लाइन गेलीच. लगच्या (फ्रेमचे पाइप जोडणाऱ्या सांध्याच्या) कडेची वळणं मात्र याने जमत नाहीत, तिथे आखूड केसांचा बारीक ब्रश वेगळा घ्यावा लागतो.

रिमवर करायचं असेल तर उलटा हिशोब. सायकल उलटी ठेवा, ब्रश धरलेला हात फोर्कला टेकवून एका जागी ठेवा आणि दुसऱ्या हाताने चाक हळूहळू फिरवा. पण चाक आधी ट्रू करून, म्हणजे डगमग काढून, घ्या, रिम लपलपत असेल तर लाइनपण लपलपणार.

आता टूल. नळीत रंग, पुढे खाचांचं छोटं चाक, बाजूला गाइडची तार. मडगार्डवर हे भारी आहे, कारण तार मडगार्डच्या कडेला घासत जाते आणि दोन्ही बाजूंच्या लाइन कडेपासून अगदी सारख्या अंतरावर येतात, हाताने इतकं परफेक्ट मला जमत नाही. चेनकव्हरच्या कडेलापण ठीक. पण फ्रेमच्या पाइपला कडच नाही, तार टेकवणार कशाला? चाक गोलाईवरून एका बाजूला उतरतं. शिवाय रंग जरा पातळ झाला की सुरुवातीलाच थेंब पडतो.

टेपबद्दल एवढंच की फाइनलाइन टेप (कड आखायची बारीक मास्किंग टेप) सरळ भागावर चालते, पण रंगाची कड उंच राहते आणि बोट फिरवलं की कळतं. जुन्या रोडस्टरवर (जुन्या धाटणीच्या साध्या सायकलीवर) ते दिसायला नको वाटतं.

रंगात कंजूषी करू नका. मी वन शॉट वापरतो, साइन पेंटरवाला ऑइल बेस्ड इनॅमल. एका थरात झाकतो आणि खालचा टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) रंग नीट कडक झालेला असेल तर बिघडलेली लाइन ओली असतानाच टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून परत ओढता येते, शिकणाऱ्याला याहून मोठी सोय नाही. काळ्या फ्रेमवर सोनेरी लाइन हवी असेल तर मेटॅलिक पावडरवाला सोनेरी टाळा, वर क्लिअर (पारदर्शक थर) नसेल तर काळपट पडत जातो, त्यापेक्षा सोन्यासारखा दिसणारा साधा पिवळसर रंग टिकतो. वरून टू-के क्लिअर मारायचा विचार असेल तर लाइनच्या रंगात हार्डनर घाला आणि पुरेसा वाळू द्या, नाहीतर सुरकुत्या येतात. आणि पावडर कोटिंगला ऑरेंज पील (संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा) असेल तर कुठलाही ब्रश घ्या, लाइनची कड फाटकीच दिसणार.

ब्रशची एकच कटकट म्हणजे देखभाल. काम झालं की टर्पेंटाइनने धुवा, केसांना तेल लावा, चपटे सरळ करून आडवा ठेवा, केसांवर उभा कधीच नको. पुढच्या वेळी ते तेल पूर्ण काढूनच रंगात बुडवायचा, थोडं जरी राहिलं तर रंग पृष्ठभागावर फाटतो. साइज विचाराल तर सायकलला डबल झिरो (00 नंबरचा ब्रश) पुरतो, मोठा घेतला तर बारीक लाइन काढताना जीव जातो.