हार्वर्ड लॉ रिव्ह्यू: बिनसहीच्या पानांसाठी वाचावे असे नियतकालिक

कायद्याच्या अभ्यासकांना ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’ हे नाव बहुधा निकालपत्रांच्या तळटीपांतून ओळखीचे झालेले असते. खासगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात दिला. त्या निकालात सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या अमेरिकी वकिलांच्या खासगीपणाच्या हक्कावरील ज्या लेखाचा परामर्श घेतला गेला, तो डिसेंबर १८९० मध्ये याच नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. न्यायशास्त्राच्या पेपरात हमखास येणारा हार्ट आणि फुलर या विधिज्ञांचा कायदा व नैतिकता यांच्या नात्यावरचा वादही १९५८ साली इथेच झडला. तरीही या नियतकालिकाचे खरे मोल मला नामवंतांच्या लेखांत नव्हे, तर विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या पानांत दिसते.

१८८७ साली सुरू झालेले हे नियतकालिक हार्वर्डच्या विधी महाविद्यालयाचे विद्यार्थीच चालवतात. संस्था म्हणून ते महाविद्यालयापासून स्वतंत्र असून, कोणता लेख घ्यायचा आणि कोणता नाकारायचा याचा अंतिम निर्णय विद्यार्थी संपादकांचाच असतो. नोव्हेंबर ते जून या काळात आठ अंक निघतात. विद्यार्थ्यांच्या लेखनावर नाव छापले जात नाही, कारण एकेका मजकुरावर अनेक संपादकांचा हात फिरलेला असतो. ज्या वयात आपले नाव छापून यावे असे कोणालाही वाटते, त्या वयातील मुलांनी ही प्रथा पिढ्यान्‌पिढ्या पाळावी, याचा मला मनापासून आदर वाटतो.

अंकाच्या शेवटी येणारी ताज्या निकालांवरील टिपणे विशेष बारकाईने वाचावीत. पहिल्याच परिच्छेदात न्यायालयाने काय ठरवले आणि टिपणकाराचा त्यावर नेमका आक्षेप काय, हे सांगून टाकलेले असते. पुढे वस्तुस्थिती, खालच्या न्यायालयाचा निर्णय, बहुमत आणि भिन्नमत हे सारे पक्षपात न करता मांडले जाते आणि मगच युक्तिवाद सुरू होतो. आपल्याकडील विद्यार्थ्यांच्या निकाल-समीक्षेत बहुतेक जागा निकालाचा सारांश खाऊन टाकतो आणि समीक्षकाचे मत शेवटच्या चार ओळींत उरकले जाते. ती सवय मोडायला ही टिपणे उत्तम नमुना आहेत.

तळटीपांची शिस्तही अशीच शिकण्याजोगी आहे. जवळजवळ प्रत्येक विधानाला आधार दिलेला असतो, आणि तो आधार विधानाला थेट पुष्टी देतो, केवळ सूचित करतो की त्याच्या विरोधात जातो, हे ‘सी’ (पाहा), ‘बट सी’ (पण पाहा) अशा ठरावीक खुणांनी दर्शवलेले असते. ही पद्धत संदर्भ देण्याच्या नियमांच्या ज्या ‘ब्लूबुक’ या पुस्तकात नोंदवलेली आहे, तेही हार्वर्ड, कोलंबिया, येल आणि पेनसिल्व्हेनिया येथील विद्यार्थी-संपादकच तयार करतात.

दोषही आहेत. प्रमुख लेख फार लांबतात; पंचवीस हजार शब्दांची मर्यादा सुचवलेली असूनही वाचकाची दमछाक होतेच. नोव्हेंबरचा अंक अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या सरत्या सत्राला वाहिलेला असल्याने तेथील राज्यघटनेची तोंडओळख नसलेल्याला तो जड जातो. अनुभवी प्राध्यापकांच्या संशोधनाची निवड विद्यार्थ्यांनी करावी का, हा आक्षेपही जुना आहे आणि तो मला पूर्णपणे गैरलागू वाटत नाही: अर्थशास्त्र किंवा सांख्यिकीचा आधार घेणाऱ्या लेखाची पारख केवळ कायद्याच्या शिक्षणावर होत नाही. मात्र संदर्भ मुळातून तपासण्याच्या कामात या विद्यार्थ्यांची चिकाटी वाखाणण्यासारखी आहे.

अलीकडचे अंक नियतकालिकाच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात, आणि वॉरन-ब्रँडाइस यांचा लेखही जालावर मोफत मिळतो. मधल्या अनेक दशकांच्या अंकांसाठी मात्र सशुल्क संग्रहाचा आधार घ्यावा लागतो, तेव्हा आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे त्याची वर्गणी आहे का, हे आधी विचारावे. नव्या वाचकाने सुरुवात नोव्हेंबरच्या अंकाने न करता, फौजदारी कार्यपद्धती किंवा अभिव्यक्तिस्वातंत्र्य अशा ओळखीच्या विषयावरचे एखादे टिपण निवडून त्याच्या सर्व तळटीपांसह सावकाश वाचावे.