पेज माझ्या धंद्याचं, मालक भलताच

सोशल मीडिया सांभाळून देतो म्हणणाऱ्यांकडून फसवणूक झाली की चर्चा बहुतेक खोट्या फॉलोअर्सची होते. आकडे विकले, पैसे गेले, विषय संपला. माझ्या बाबतीत तेही झालं, पण तो नुकसानीचा लहान भाग होता. माझ्या व्यवसायाच्या नावाने उघडलेलं फेसबुक पेज, जाहिरातीचं खातं आणि इन्स्टाग्राम, तिन्ही पहिल्या दिवसापासून दुसऱ्याच्या मालकीचं होतं, हा मोठा भाग. जे आत्ता सुरुवात करताहेत त्यांच्यासाठी सविस्तर लिहितेय, कारण हा खेळ सुरुवातीलाच खेळला जातो.

माझा कापडी पिशव्या शिवून विकण्याचा व्यवसाय आहे. ओळखीतून ऑर्डर यायच्या, त्या वाढाव्यात म्हणून ऑनलाइन यायचं ठरवलं. त्याच सुमारास एका एजन्सीचा मेसेज आला. माणूस बोलायला गोड, कसलीही घाई नाही. 'आम्ही वाढवलेली पेजेस' म्हणून त्याने लिंक पाठवल्या, सगळ्यांवर हजारोंनी फॉलोअर्स. वर म्हणाला, "मॅडम, तुम्ही फक्त फोटो आणि लोगो पाठवा. सेटअपचं टेन्शन आमचं."

आता सेटअप म्हणजे काय ते सांगते. फेसबुक पेज कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यातूनच उघडावं लागतं आणि जो उघडतो त्याच्याकडे पूर्ण ताबा, म्हणजे 'फुल कंट्रोल' राहतो. त्याने पेज स्वतःच्या खात्यातून उघडलं आणि एजन्सीच्या बिझनेस पोर्टफोलिओत, म्हणजे पेजेस आणि जाहिरातीची खाती एकत्र ठेवायच्या फेसबुकच्या व्यवस्थेत, टाकलं. इन्स्टाग्राम त्यांच्याच ईमेलवर काढलं. मला जो ॲक्सेस दिला त्यात पोस्ट टाकता यायची, मेसेजला उत्तर देता यायचं. रोजच्या वापराला एवढं पुरतं, त्यामुळे आपण मालक नाही हे जाणवायचं काही कारणच नसतं. ते कळतं कुणाला तरी काढायची वेळ आल्यावर. लोक विचारतात, सही करताना वाचलं नाहीस का? अहो, वाचायला काही दिलंच नव्हतं. व्हॉट्सॲपवर पॅकेजचं एक रंगीत चित्र आलं होतं. त्यात महिन्याला पोस्ट किती आणि रील किती एवढंच होतं.

फॉलोअर्स भराभर वाढले. यादी उघडून पाहिली तर फोटो नसलेली खाती, नावापुढे आकड्यांची शेपटी, स्वतःची पोस्ट एकही नाही, पण प्रत्येक खातं हजारो जणांना फॉलो करतंय. पोस्टखाली 'नाइस', 'वॉव', आगीचा इमोजी. एकदा मीच एक प्रश्न टाकला, पिशवीला चेन हवी की बटण? उत्तर म्हणून तिथेही 'नाइस'. इनसाइट्समध्ये, म्हणजे ॲपमधल्या आकडेवारीच्या भागात, फॉलोअर्स कुठल्या शहरांतले आहेत ते दिसतं. माझ्या पहिल्या पाचांत मी जिथे माल पाठवते तिथलं एकही शहर नव्हतं. या व्यवहाराला स्वतःची बाजारपेठ आहे. एसएमएम पॅनल नावाच्या साइटवर फॉलोअर्स, लाइक, कमेंट हजाराच्या भावाने घाऊक मिळतात. इन्स्टाग्राम अशी खाती अधूनमधून साफ करतं, मग आकडा घसरतो. त्याला हे लोक 'ड्रॉप' म्हणतात आणि पुन्हा भरून देण्याला 'रिफिल'. माझ्या बिलात 'ग्रोथ मेंटेनन्स' नावाची ओळ होती, ती या रिफिलची होती. अमेरिकेत फॉलोअर्स विकणाऱ्या डेवुमी या कंपनीवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१९ मध्ये कारवाई केली आणि प्रकरण २५ लाख डॉलरच्या आदेशावर मिटलं. म्हणजे हा गल्लीतला किरकोळ उद्योग नव्हे.

जाहिरातीचा हिशेब त्याहून मजेशीर. जाहिरातीसाठीचे पैसे मी वेगळे द्यायचे, एजन्सीच्या खात्यात एकरकमी. महिन्याच्या शेवटी रिपोर्ट यायचा, म्हणजे स्क्रीनशॉट. त्यात रीच, इंप्रेशन, क्लिक असे रकाने आणि नेमका 'किती खर्च झाले' हा रकाना उजव्या कडेला कापलेला. दर वेळी तिथेच. मेटा, म्हणजे फेसबुक आणि इन्स्टाग्रामची मालक कंपनी, प्रत्येक आकारणीची पावती देते, ती मागितली तर म्हणाला, "आमचं अकाउंट कॉमन आहे ना मॅडम, सगळ्या क्लायंटचं एकत्र बिल येतं." मग मला मेटाच्या ॲड लायब्ररीबद्दल कळलं. कुणीही ती उघडू शकतं, लॉगइनही लागत नाही, आणि कुठल्याही पेजच्या आत्ता चालू असलेल्या जाहिराती तिथे दिसतात. माझ्या पेजचं नाव टाकून मी वेगवेगळ्या दिवशी पाहिलं. बहुतेक दिवस एकही जाहिरात चालू नव्हती.

हे विचारल्यावर त्याचा आवाज बदलला नाही. उलट म्हणाला, बघून सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा पेजचा ॲक्सेस गेलेला आणि इन्स्टाग्रामचा पासवर्ड बदललेला. फोन उचलणं बंद. नंतर 'पेज ट्रान्सफर चार्ज' म्हणून एक रक्कम सांगणारा मेसेज आला. मी ती दिली नाही.

इन्स्टाग्राम परत मिळवायची खटपट सांगण्यासारखी आहे, कारण खातं कसं उघडलं जातं यावर सगळं कसं अवलंबून असतं ते त्यात दिसतं. खात्यात तुमचे स्वतःचे फोटो असतील तर ओळख पटवायला सेल्फी व्हिडिओ मागतात. माझ्या खात्यात फक्त पिशव्यांचे फोटो. चेहरा जुळवणार कशाशी? अशा वेळी दुसरी वाट असते ती म्हणजे खातं उघडताना कुठला ईमेल किंवा नंबर दिला होता आणि कुठल्या डिव्हाइसवरून उघडलं होतं ते सांगायचं. ईमेल त्यांचा, डिव्हाइस त्यांचं. प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर माझ्या विरुद्ध जात होतं.

त्यात मी एक उघडी पोस्ट लिहिली, की माझं खातं गेलंय, कुणाला मार्ग माहीत आहे का. काही मिनिटांत खाली कमेंट, "याच माणसाने माझं अकाउंट परत आणून दिलं, याला मेसेज करा." पाठोपाठ तसल्याच आणखी, मजकूर जवळजवळ तोच. एकाने तर स्वतःला मेटा सपोर्ट म्हणवत मेसेंजरवरच गाठलं. निळा लोगो, केस नंबर, आणि २४ तासांत फॉर्म भरला नाही तर खातं कायमचं जाईल अशी धमकी. फॉर्ममध्ये पासवर्ड आणि ओटीपी मागितला होता. तिथे मी थांबले. ज्यांचं खातं आधीच गेलंय ते घायकुतीला आलेले असतात, म्हणून ही मंडळी त्यांच्यावरच टपून असतात. तुमचं खातं अजून हातात असेल आणि इन्स्टाग्रामच्या नावाने ईमेल आला, तर ॲपच्या सेटिंगमध्ये अकाउंट्स सेंटरच्या 'पासवर्ड अँड सिक्युरिटी'त 'रिसेंट ईमेल्स' असा भाग आहे. गेल्या १४ दिवसांत त्यांनी खरोखर पाठवलेले सुरक्षा आणि लॉगइनबद्दलचे ईमेल तिथे दिसतात. तसा ईमेल तिथे नसेल तर तो त्यांचा नाही.

मला बरेच दिवस एक कोडं होतं, की महिन्याची फी मिळतेय तर पेजही कशाला हवं? उत्तर त्याने सुरुवातीला पाठवलेल्या लिंकमध्येच होतं. फेसबुक पेजच्या माहितीत 'पेज ट्रान्सपरन्सी' असते. पेज कधी उघडलं आणि नाव किती वेळा बदललं ते त्यात दिसतं. त्या 'आम्ही वाढवलेल्या' पेजेसपैकी एक आधी विनोदांचं होतं, दुसरं कुठल्या तरी जिमचं. म्हणजे कुणाचं तरी चालतं पेज हाताशी ठेवायचं, नाव बदलायचं, पुढच्या गिऱ्हाइकाला नमुना म्हणून दाखवायचं किंवा विकून टाकायचं. पेज हाच त्यांचा माल. फी म्हणजे तो माल तयार करण्याचा खर्च, आणि तो मी भरत होते.

आता नवीन पेज माझ्या खात्यातून उघडलंय. बिझनेस पोर्टफोलिओ माझा, जाहिरातीचं खातं त्यातलंच आणि पैसे माझ्या कार्डावरून थेट मेटाला जातात. हे जाहिरात खात्याचं विशेष लक्षात ठेवा. दुसऱ्याच्या पोर्टफोलिओत उघडलेलं जाहिरात खातं नंतर तुमच्याकडे हलवता येत नाही, त्यातली सगळी जमलेली माहिती तिथेच राहते. सध्या एक मुलगी पोस्ट डिझाइन करून देते, तिला मर्यादित ॲक्सेस आहे. पासवर्ड तिला दिलेला नाही, आणि तिने मागितलाही नाही. पेजला इन्स्टाग्राम जोडलेलं असलं की पोस्ट टाकायला तो लागत नाही. ज्याला काम येतं त्याला हे माहीत असतं. कुणी पासवर्डच हवा म्हणून अडून बसला तर मी पुढे बोलत नाही. टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, चालू आहे आणि तो कोड मिळाला नाही तर वापरायचे बॅकअप कोड वहीत लिहून ठेवलेत, कारण फोनच हरवला तर?

जुनं पेज अजून चालू आहे. मध्यंतरी त्याचं नाव बदललं, आता तिथे मोबाईलची कव्हरं विकतात. माझ्या जुन्या खऱ्या गिऱ्हाइकांपैकी काही जण अजून तिथेच आहेत आणि त्यातल्या एकीला तिथून आगाऊ पैसे मागणारा मेसेज आला होता. तिने मला फोन करून विचारलं म्हणून वाचली. तुमच्यापैकी कुणी ते पेज फॉलो करत असेल तर काढून टाका, आणि तिथून माझ्या नावाने काही मागितलं तर पेज रिपोर्ट करा.