आमरसात दूध जास्त पडलं की होतो तो रंग: टॅम्पाच्या जुन्या कॅपचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, मला अमेरिकन फुटबॉल अजूनही अर्धाच कळतो. फ्लोरिडातल्या टॅम्पात येऊन सहा वर्षं झाली, सोमवारी ऑफिसात लोक ज्या तोंडाने येतात त्यावरनं आदल्या दिवशी बकनीअर्सचं (म्हणजे समुद्री चाचे, ही इथली फुटबॉल टीम, लाडाने बक्स) काय झालं ते मी ओळखतो, आपलं ज्ञान तेवढंच. पण कॅपचा नाद जुना. पुण्यात कॉलेजला असताना फॅशन स्ट्रीटवरनं ऐंशी रुपयाला रेडर्सची काळी कॅप उचलली होती, डोळ्यावर पट्टीवाला माणूस आणि मागे दोन तलवारी, रेडर्स ही कुठल्या खेळाची टीम हेसुद्धा माहीत नव्हतं, भारी दिसतेय ना, मग घे.

तर आता बक्सची थ्रोबॅक (जुन्या डिझाइनची) स्नॅपबॅक, म्हणजे मागे टिचबटणं असलेली कॅप, ऑनलाइन मागवली, 38 डॉलर आणि वर टॅक्स. कंपनीचं नाव घेत नाही. रंग तो जुना केशरी, ज्याला इथे सगळे क्रीमसिकल म्हणतात, म्हणजे बाहेर संत्र्याचा बर्फ आणि आत व्हॅनिला असलेली आइसफ्रूट कांडी असते ना, त्यावरनं. खरं सांगू का, आमरसात दूध जरा जास्त पडलं की जो रंग होतो तो. भगवा नाही, नारिंगी पण नाही. आणि समोर ब्रूस.

ब्रूसबद्दल थोडं सांगायलाच पाहिजे नाहीतर ही कॅप कशाला घ्यायची ते कळणार नाही. टीम 1976 ला सुरू झाली तेव्हा टॅम्पा ट्रिब्यून पेपरचे चित्रकार लामार स्पार्कमन यांनी हा समुद्री चाचा काढला, पिसाची मोठी हॅट, मिशी, कानात बाळी, दातात सुरा आणि वर एक डोळा मारतोय. लोकांनी त्याचं नाव ठेवलं बक्को ब्रूस. आईला व्हिडिओ कॉलवर कॅप दाखवली तर म्हणाली, हा कोण रे, संगीत नाटकातला का? चूक नाही तिचं. हा लुटायला निघालाय असं वाटतच नाही, आता पद म्हणेल असंच वाटतं.

आणि ह्या ब्रूसच्या नशिबात काय, तर पहिल्या 26 मॅच लागोपाठ हार! पहिला अख्खा सीझन 0-14, दुसऱ्या सीझनच्या पहिल्या बारापण गेल्या, मग 11 डिसेंबर 1977 ला न्यू ऑर्लिन्समध्ये 33-14 ने पहिली मॅच जिंकले. मधे 1979 ला चांगलं चाललं होतं पण पुढे 1983 पासून 1996 पर्यंत सलग 14 सीझन जिंकल्यापेक्षा हरलेल्या मॅच जास्त. शेवटी नवे मालक ग्लेझर (हो तेच, मँचेस्टर युनायटेड क्लबचे मालक म्हणून त्याचे चाहते ज्यांना शिव्या घालतात) आले आणि 1997 ला ब्रूस आणि केशरी दोघांना घरी बसवलं. लाल आणि जस्ती करडा रंग, कवटीचा झेंडा, सगळं एकदम सिरीयस. त्याच वर्षी टीम प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेरीत) गेली आणि जानेवारी 2003 ला सुपर बोल, म्हणजे फायनलपण जिंकली, माझ्या त्या ऐंशी रुपयेवाल्या रेडर्सना 48-21 धुऊन. म्हणजे हिशोबाने लोकांनी केशरी रंगाचं नाव काढायला नको होतं. पण उलटंच झालं, आज स्टेडियमच्या बाहेर बघा, जिंकलेल्या लाल कॅपपेक्षा ही हरलेली केशरी मिरवणारेच जास्त दिसतात मला, आणि त्यातल्या निम्म्यांचा जन्म 1997 नंतरचा असेल.

मधे तर दहा वर्षं टीमला हा केशरी ड्रेस घालताच येत नव्हता. 2009 ला पहिल्यांदा परत घातला, ग्रीन बे पॅकर्सला 38-28 हरवलं, त्या सीझनमधली ती पहिलीच जीत होती. मग 2013 ला लीगचा (एनएफएल, ज्यात ह्या सगळ्या टीम खेळतात) नियम आला की सेफ्टीसाठी खेळाडूने सीझनभर एकच हेल्मेट वापरायचं. स्टिकर बदला, पण हेल्मेटचा रंग कसा बदलणार? ह्यांचं करडं, ब्रूसचं पांढरं. बसले. 2022 ला नियम सैल झाला आणि ऑक्टोबर 2023 मध्ये डेट्रॉइट लायन्ससमोर केशरी परत आला. हरले, 20-6. परंपरा म्हणतात ती हीच.

आता कॅपवर येतो. कापड चांगलंय, लोकर आणि अॅक्रिलिकचं मिश्रण, घामाने अजून तरी वास येत नाही (फ्लोरिडात ही मोठी गोष्ट आहे). ब्रिमच्या (कॅपच्या पुढच्या छज्जाच्या) खालची बाजू हिरवी ठेवलीय, हे त्यांनी अगदी बरोबर केलं, जुन्या कॅपना खालून हिरवंच असायचं, नव्वदच्या दशकात हळूहळू करडं आलं आणि मग काळं. मागे प्लास्टिकची टिचबटणांची पट्टी, तीपण ठीक.

पण घोळ कुठे झालाय सांगतो. मागच्या महिन्यात इथल्या आठवडी जुन्या बाजारात एका आजोबांच्या टेबलावर मला खरी जुनी मिळाली, कॉड्रॉयची, आपल्याकडे ज्याच्या पँटी असायच्या ते रेघारेघांचं कापड, 12 डॉलर. आजोबा म्हणाले धुऊ नकोस, आत पुठ्ठा आहे, ब्रिमचा लगदा होईल. दोन्ही शेजारी ठेवल्या आणि खिडकीत नेऊन बघितल्या. नवीचा रंग भडक आहे, ट्रॅफिक कोनसारखा, जुनी उन्हाने उतरलीय हे मान्य, पण मी आतली पट्टी उलटून जिथे ऊन लागलंच नाही तो भाग बघितला, तिथेपण तो मऊच आहे. नवीत ब्रूसचा मिटलेला डोळा एवढ्या जाड दोऱ्याने भरलाय की डोळा मारतोय का डोळा सुजलाय तेच कळत नाही. समोरच्या दोन पॅनलच्या आत बकरमचं कडक जाळीदार कापड घातलंय ते इतकं कडक की कॅप डोक्यावर बसत नाही, डोक्यावर उभी राहते, देवळाच्या कळसासारखी.

आणि हे वाचून तुम्ही मला वेडा म्हणाल, पण मागचं एनएफएलचं ढालीचं चिन्ह बघा. लीगने ते 2008 ला बदललं, आधी ढालीत 25 तारे होते, आता 8. थ्रोबॅक म्हणून विकताय आणि मागे आठ तारे? जुन्या टोपीवर 25 तारे असे नीट दिसत नाहीतच, पांढरे ठिपके ठिपके, वरईच्या तांदळाएवढे, पण ठिपकेच तर पाहिजेत ना राव.

सगळ्या कॅप हल्ली अशा एकाच साच्यातल्या का वाटतात त्यालाही कारण आहे. आधी बऱ्याच छोट्यामोठ्या कंपन्या टीमच्या टोप्या काढायच्या, प्रत्येकाचा टाका वेगळा, अक्षर वेगळं. 2000 ला लीगने दहा वर्षांसाठी सगळं एकट्या रीबॉकला दिलं, त्यावर अमेरिकन नीडल नावाची टोपीवाली कंपनी कोर्टात गेली आणि 2010 ला सुप्रीम कोर्टाने 9-0 ने सांगितलं की लायसन्सच्या धंद्यात 32 टीम म्हणजे एकच कंपनी असं धरून स्पर्धेच्या कायद्यातनं सुटता येणार नाही. टोप्यांवरनं सुप्रीम कोर्ट! आपल्याकडे टोपी घातली की माणूस फार तर ग्राहक मंचात जातो.

साडेतीन स्टार देतो. अर्धा फक्त हिरव्या ब्रिमसाठी. परत पाठवली नाही, गणपतीत मिरवणुकीला भगव्या फेट्यांच्या गर्दीत हीच घालून ढोल वाजवला, दोन गोऱ्या पोरांनी ब्रूस ओळखून टाळी दिली. घेणार असाल तर आल्याआल्या समोरचा भाग वाफेवर धरा आणि हाताने दाबून बसवा, बकरम जरा नरमतं. माझं डोकं मोठं आहे, मला शेवटून दुसऱ्या टिचबटणावर बसते, आणि कॉड्रॉयवाली मात्र अजिबात धुवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.