नव्या तलवारीला जुनेपण: रंग चढवावा की खरा गंज आणावा?

नाटकासाठी, मिरवणुकीसाठी किंवा भिंतीवर लावायला घेतलेली धातूची तलवार दुकानातून येते ती लखलखीत. पातं चमचमतं, पितळी मूठ पिवळीधमक असते आणि ती कालच तयार झालीय हे लांबूनही कळतं. हे नवेपण घालवायचे दोन मार्ग आहेत: वरून रंग चढवणं, किंवा रसायन लावून धातूच काळवंडवणं. माझा कौल बहुतेक वेळा रंगाला आहे. एका ठिकाणी मात्र रसायनाला तोड नाही.

आधी धातू ओळखा. लोहचुंबक चिकटलाच नाही, तर पातं अ‍ॅल्युमिनियमचं, जस्ताच्या मिश्रधातूचं किंवा स्टेनलेसचं असणार. त्यावर सहजासहजी तांबूस गंज येणार नाही, म्हणजे रंगाशिवाय पर्याय नाही. अ‍ॅल्युमिनियमला फेरिक क्लोराईड (धातू खाऊन काळवंडवणारं रसायन) तर चुकूनही लावू नका, जोरात तापतं आणि वाफा निघतात. चुंबक चिकटला म्हणजे साधं पोलादच असेल असंही नाही. स्टेनलेसच्या काही जाती चुंबकाला चिकटतात. क्रोम-निकेलचा मुलामा असेल, तर रसायन त्याच्या बारीक फटींतून शिरतं आणि पातं ठिपक्याठिपक्यांनी खातं.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिलं जातं: जुनी म्हणजे नेमकी कशी दिसायला हवी? वापरातली तलवार तांबडी नसते. ज्याचा जीव तिच्यावर अवलंबून होता, तो तिला पुसत होता, तेल लावत होता. तांबडा गंज म्हणजे बेवारस पडलेली तलवार. शिवकाळातल्या मावळ्याच्या हाती ती दिली, तर त्या माणसावर अन्याय होतो. संग्रहालयातली जुनी पाती नीट पाहा. रंग करडा, कुठे तपकिरीकडे झुकणारा, मध्येच काळसर डाग. मुठीवरची चकती जिथे मुठीला मिळते त्या खाचेत काळं साचलेलं, पण चकतीची कड आणि परजेची, म्हणजे हाताला आडोसा देणाऱ्या भागाची, टोकं घासून उजळलेली. म्यानातून काढघाल होऊन पात्यावर लांबीच्या दिशेने बारीक ओरखडे.

झीज अशी जागा धरून होते. रंगाने ती जागा निवडता येते. रसायन धातूवर जिथे पकड मिळेल तिथे पसरतं. माझा कौल रंगाकडे जातो तो मुख्यतः यासाठी.

रंगातही दोन वाटा आहेत. अ‍ॅक्रिलिक स्वस्त, लवकर सुकणारा, वासाचा त्रास नाही. बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगात थोडा काळा घालून ताकासारखा पातळ करायचा, खाचांत सोडायचा आणि उंचवट्यावरून पुसून घ्यायचा. अडचण एकच: गुळगुळीत धातूवर तो धरत नाही, थेंब होऊन निसटतो. म्हणून 400 नंबरचा पॉलिश पेपर, थिनरने पुसणं आणि प्रायमर, हे सगळं आलंच. प्रायमरखाली मूळ चमक झाकली जाते, मग ती चंदेरी रंगाच्या ड्राय ब्रशने, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने, पुन्हा दाखवावी लागते.

तैलरंगात हे टळतं. तेलकटपणा नीट काढला असेल तर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला अंबर थेट धातूवर लावता येतो आणि मलमलच्या बोळ्याने सावकाश मागे घेता येतो. खाचेत रंग, कडेवर खरा धातू. मुठीसाठी याहून सुंदर काही मी पाहिलेलं नाही. पण सुकायला वेळ द्यावा लागतो. अंबर तुलनेने लवकर सुकतो, काळा फार रेंगाळतो. दोन्ही वापरायचे तर अ‍ॅक्रिलिक खाली, तैलरंग वर. उलटं केलंत तर पापुद्रे सुटतील. शेवटी मॅट, म्हणजे बिनचमकीच्या, लॅकरचा हात दोन्हींना हवाच, नाहीतर घामेजल्या तळव्याने मुठीवरचा रंग अंगरख्याला लागेल.

रंगमंचाच्या प्रॉपर्टीला अ‍ॅक्रिलिक पुरतो. मागच्या रांगेतून बारीक छटा दिसत नाहीत, तिथे काळ्या-उजळाचा ठळक फरक लागतो. कॅमेरा जवळ येणार असेल तर तैलरंग. मात्र कुठेही अख्खं पातं मॅट करू नका, ते लाकडी दिसू लागतं.

आता अपवाद. पातं साध्या कार्बन पोलादाचं आहे, तलवार फक्त मांडून ठेवायची आहे आणि बघणारा अगदी जवळून बघणार आहे. इथे फेरिक क्लोराईड जो खोल करडा रंग देतं, तो कुठल्याही डबीत मिळत नाही, कारण तो धातूचाच असतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ते सर्किट बोर्डासाठी विकतात. ते थोडंथोडं पाण्यात घालून सौम्य करा, हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा. फरशीवर सांडलं तर डाग जात नाही. हवी ती छटा आली की खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडं करा, तेल लावा. व्हिनेगर-मिठाचा तांबडा गंज मात्र मी सुचवणार नाही. तो झटपट येतो, पण नीट धुतला नाही तर आत खात राहतो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तर तो भिंतीवरही उतरतो.

चुकलं तर काय, हेही तोलून पाहा. रंग थिनरने उतरतो. रसायनाने खाल्लेला धातू परत येत नाही. मूठ पितळी आणि पातं पोलादी असेल, तर पात्याला फेरिक क्लोराईड आणि मुठीला तैलरंग अशी जोडी छान जमते. फक्त मुठीला आधी टेप गुंडाळा, आणि सांध्यात रसायन उतरू नये म्हणून पातं टोक खाली करून धरा.

हे सगळं प्रतिकृतींपुरतं. घरात पिढीजात आलेली खरी तलवार असेल, तर तिला यातलं काहीही लावू नका, पॉलिशही नको. तिच्यावरचा करडा थर हाच तिचा पुरावा आहे.